आपला आवाज, दुसऱ्याचा उंबरा

"साहेब, मी लिहिलो नाही की. आलेलं नुसतं पुढं ढकललो."

समोर बसलेला मुलगा बावीस वर्षांचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर रात्रपाळी करतो. आई विड्या वळते. तीही सोबत आली होती. पदराला तंबाखूचा वास, बोटांच्या टोकांवर दोरा ओढून पडलेल्या रेघा आणि हातात चार घड्या घातलेला एक कागद. तो कागद म्हणजे पोलिसांची नोटीस. पोरानं रात्री अकराला, मागाच्या खडखडाटात, कुणीतरी पाठवलेलं एक चित्र मोबाइलच्या स्टेटसला लावलं. चित्रात तलवार होती आणि खाली एका समाजाला गावाबाहेर काढण्याची भाषा. सकाळी पाळी सुटल्यावर तो घरी येऊन झोपला. दुपारी उठला तेव्हा दारात पोलीस उभे होते.

"पण स्टेटस तर चोवीस तासानं आपोआप जातंय ना?" त्यानं विचारलं.

स्टेटस जातं, पण कुणीतरी काढलेला त्याचा फोटो राहतो, आणि तक्रारीला तोच जोडला जातो.

मी सोलापूरच्या कोर्टात वकिली करतो. पूर्वी माझ्याकडे बांधाची भांडणं, वाटणीचे दावे, न वटलेले धनादेश यायचे. आता बोलण्याच्या, लिहिण्याच्या, फलक लावण्याच्या, आवाजाच्या तक्रारी येतात. येणाऱ्यांत दोन टोकं दिसतात. काहींना वाटतं, लोकशाही आहे, काहीही बोललं तरी चालतं. काहींना वाटतं, तोंड उघडलं की गुन्हा, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दोन्हींची किंमत गरिबाच्या पोराला मोजावी लागते. म्हणून हा लेख.

सोलापूरकराला तर हा विषय नीट ठाऊक असायलाच हवा. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, आणि हे गिरण्यांचं शहर रस्त्यावर उतरलं. ८ मे रोजी गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. संतापाच्या भरात न्यायालयाची इमारत जळली, मंगळवार पेठेच्या चौकीवर पोलीस मारले गेले. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. त्या दिवसांत काय काय गुन्हा होता ते पाहा. तिरंगा हाती घेणं गुन्हा. डोक्यावर गांधी टोपी दिसली तर शिपाई ती उडवत. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना लिहिण्यापायी तुरुंगात जावं लागलं. आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिलं. कुर्बान हुसेन 'गजनफर' नावाचं पत्र चालवत. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान असे चौघे एका पहाटे, एका तुरुंगात गेले.

तेव्हा बोलण्याचा हक्क नव्हताच. आज आहे, आणि तो राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदात लिहिलेला आहे. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या पोटकलमात त्याच्या मर्यादाही लिहिल्या आहेत. देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी इथे संपते. या आठांखेरीज नवव्या कारणासाठी कुणी तुमचं तोंड बंद करू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केलं आहे. शिवाय घातलेली मर्यादा वाजवी हवी. 'वाजवी' हा शब्द १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं या पोटकलमात आला. आमच्या कामात या एका शब्दावर जितका वाद होतो तितका दुसऱ्या कशावर होत नसेल.

'मला वाईट वाटलं', 'साहेबांना आवडणार नाही', 'मंडळाची बदनामी होते', 'आपल्या जातीत असं बोलत नाहीत' ही कारणं त्या यादीत नाहीत.

स्टेटस लावण्याआधी

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, आशय जवळपास तोच राहिला. धर्म, जात, भाषा, जन्मस्थान यांवरून दोन गटांत वैर पेटवणं हे कलम १९६. मुद्दाम आणि दुष्ट हेतूनं कुणाच्या धर्मभावनांचा अपमान करणं हे कलम २९९. अफवा किंवा खोटी माहिती पसरवून लोकांत भीती किंवा तेढ निर्माण करणं हे कलम ३५३. या तिन्हींत साधारण तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तिन्हींत इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा उल्लेख आहे. 'मोबाइलवरच तर होतं' हा बचाव त्यामुळे उरत नाही. 'पुढं ढकललो' हाही नाही, कारण स्टेटस लावणं म्हणजे आपल्या नावानं ते लोकांपुढे ठेवणंच.

पण इथे थांबून दुसरी बाजू पाहायला हवी, कारण भीतीही खोट्या समजुतीतून येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकानं जम्मू-काश्मीरचा विशेष दर्जा काढल्याचा दिवस काळा दिवस आहे असं स्टेटस लावलं, पाकिस्तानला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छाही दिल्या. हातकणंगले पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानं मात्र ७ मार्च २०२४ रोजी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा, निषेध करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणं म्हणजे दोन समाजांत वैर पेटवणं नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. तुम्हाला ते स्टेटस पटो न पटो. मलाही त्यातलं सगळं पटत नाही. पण पटणं हा निकष नाहीच.

मग निकष कोणता? तो आपल्याच मुलखात घडलेला आहे. स्वातंत्र्याच्या तोंडावर नागपूरच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी एका प्रकरणात सांगितलं की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर, धीराच्या माणसाच्या मापानं. प्रत्येक वाक्यात धोका दिसणाऱ्या घाबरट माणसाच्या मापानं नव्हे. सर्वोच्च न्यायालय आजही ते माप वापरतं. कोल्हापूरच्या प्रकरणात वापरलं, आणि मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुजरातमधला गुन्हा रद्द करतानाही वापरलं. त्या निकालात पोलिसांना उद्देशून आणखी एक गोष्ट सांगितली. तीन ते सात वर्षांच्या दरम्यान शिक्षा असलेल्या बोलण्या-लिहिण्याच्या तक्रारीत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची सोय फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत आहे, ती वापरावी. ही गोष्ट तक्रारदारानं, आरोपीनं आणि ठाण्यातल्या हवालदारानंही लक्षात ठेवावी अशी आहे.

मी तरुणांना एक साधी रीत सांगतो. जे लावणार आहात ते आधी मोठ्यानं वाचा. त्यात बोट कुणाकडे आहे? एखाद्या निर्णयाकडे, नेत्याकडे, ग्रंथातल्या विचाराकडे असेल तर तुम्ही बहुतेक कायद्याच्या आत आहात. 'ते लोक' असं म्हणून अख्ख्या जातीकडे किंवा धर्माकडे असेल तर थांबा. मग बघा, त्यात काही करायला सांगितलंय का? हाकला, मारा, त्यांच्याकडून घेऊ नका, धडा शिकवा. क्रियापद आलं की मजकुराचा स्वभाव बदलतो. त्या पोराच्या चित्रात तेच होतं. तलवारीपेक्षा खालचं क्रियापद त्याला महागात पडलं. आणि वेळ कोणती आहे? शहरात तणाव असताना लावलेलं तेच वाक्य वेगळं वाचलं जातं, कोर्टातही वेगळं वाचलं जातं.

खरं-खोटं तपासणं तर आलंच. जुन्या दंगलीचा व्हिडिओ 'आत्ताचा, सोलापूरचा' म्हणून फिरतो. मागच्या दुकानाच्या पाट्या बघा, त्या कोणत्या भाषेत आहेत? आपल्या शहरात पाटी मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू यांपैकी काहीही असू शकते, त्यामुळे इथे फसणं सोपं आहे. शंका आली तर पुढं पाठवायचं नाही, एवढंच.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनना मोठी धास्ती असते, त्यांच्यासाठी. दुसऱ्या सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये दिला. तो मजकूर टाकण्यात अ‍ॅडमिनचा संगनमतानं हात असेल तर गोष्ट वेगळी. तरीही आग लावणारा मजकूर दिसला तर तो काढून टाका. तुमच्याच ग्रुपमधल्या कुणाच्या तरी मुलाला नोटीस येण्यापासून वाचवाल.

दूरचा शब्द, जवळचं घर

शब्दाला मर्यादा कशाला, असं जेव्हा एखादा हुशार विद्यार्थी मला विचारतो तेव्हा मी त्याला ऑक्टोबर २००२ ची गोष्ट सांगतो. अमेरिकेत जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकानं एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात प्रेषित मुहम्मद यांच्याबद्दल अपमानकारक विधान केलं. कार्यक्रम ६ तारखेला दाखवला गेला. शुक्रवारी, ११ तारखेला, त्याच्या निषेधासाठी सोलापुरात बंद होता. त्या बंदचं दंगलीत रूपांतर झालं, संचारबंदी लागली, किमान पाच माणसं जिवानिशी गेली. त्या धर्मोपदेशकानं माफी मागितली ती दुसऱ्या दिवशी.

मेलेल्यांपैकी कुणी तो कार्यक्रम पाहिला असेल असं मला वाटत नाही. बोलणारा हजारो मैलांवर सुरक्षित राहिला आणि माणसं इथे पडली. यातून दोन गोष्टी मी शिकलो. बोलणाऱ्यानं आपला शब्द कुठवर जाईल याचा विचार करायला हवा, ही एक. आणि निषेध करणाऱ्यानंही, कारण निषेध हेही बोलणंच आहे, त्यालाही तोच हक्क आणि त्याच मर्यादा लागू आहेत, ही दुसरी. माझ्या मते दुसरी जास्त महत्त्वाची, कारण अमेरिकेतल्या माणसाचं तोंड आपण धरू शकत नाही, आपल्या गल्लीतला दगड धरू शकतो.

म्हणून निषेध करायचा तर असा करा. पोलिसांना आधी लेखी अर्ज द्या. तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे किती माणसं, जबाबदार कोण हे त्यात लिहा, आणि पोच घ्या. पोच म्हणजे तारखेचा शिक्का आणि सही, तोंडी 'ठीक आहे' नव्हे. आपल्या शहरात आंदोलनं होतात त्या पूनम गेटसमोर धरणं धरून दिलेलं एक निवेदन गावभर फिरलेल्या मोटारसायकलींपेक्षा कागदावर जास्त टिकतं. परवानगी नाकारली तर नकार लेखी आणि कारणासह मागा. बंदचं आवाहन करता येतं, बंदची सक्ती करता येत नाही. दुकानदारानं शटर उघडं ठेवायचं ठरवलं तर तो त्याचा हक्क. २००३ च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयानं २००४ मध्ये शिवसेना आणि भाजप या दोन्ही पक्षांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला सांगितले होते, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये.

जमावबंदीबद्दलही मोठा गोंधळ असतो. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आदेश काढतात. तो एका वेळी साधारण पंधरा दिवसांचा असतो. तो आदेश वाचा, ऐकीव बातमीवर राहू नका. त्यात शस्त्रं बाळगणं, पाच किंवा अधिक लोकांनी जमणं, चिथावणीच्या घोषणा यांना मनाई असते. तुम्ही दोघा-तिघांनी जाऊन निवेदन द्यायला, वर्तमानपत्रात पत्र लिहायला, सरकारवर टीका करायला मनाई नसते. कायदेशीर मत दाबून टाकण्यासाठी असे आदेश वारंवार काढता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये म्हटलेलं आहे.

ऐकण्याची सक्ती

आता त्या विषयाकडे येतो ज्यावर या शहरात सगळ्यांना बोलायचं असतं आणि उघडपणे फार थोडे बोलतात. मिरवणुकीतला डीजे.

आमच्या बोळातून गेल्या वर्षी एक मिरवणूक गेली. कुणाची ते सांगत नाही, कारण सगळ्यांच्याच अशा असतात. भिंतीएवढे आवाजाचे खोके लावलेला ट्रॅक्टर कोपऱ्यावर वळला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरची स्टीलची ताटं एकमेकांवर थरथरून वाजायला लागली. पाण्याच्या पिंपात गोल लाटा उठत होत्या. शेजारच्या घरात पंधरा दिवसांची बाळंतीण. तिच्या सासूनं बाळाच्या दोन्ही कानांवर तळहात दाबून धरले होते आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. समोरच्या दुमजलीत राहणारे निवृत्त मास्तर छातीत पेसमेकर घालून आलेले. ते त्या रात्री रिक्षा करून लेकीकडे गेले. दुसऱ्या दिवशी मंडळाची पोरं नेहमीसारखी मास्तरांच्या पाया पडली. ती पोरं वाईट नाहीत. त्यांना कुणी सांगितलंच नाही की त्यांचा हक्क कुठे संपतो.

तो इथे संपतो. बोलण्याच्या हक्कात दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचा हक्क येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००५ च्या निकालात हे फार नेमकेपणानं मांडलं. तुम्हाला बोलायचा हक्क आहे तसा मला न ऐकण्याचा आहे. ध्वनिवर्धक लावून कुणालाही त्याच्या घरात कैदी श्रोता करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये म्हटलं की ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. कोणत्याही म्हणजे कोणत्याही. ते मशिदीला लागू आहे, मंदिराला आहे, विहाराला आहे, जयंतीच्या मिरवणुकीला आहे आणि लग्नाच्या वरातीलाही आहे.

आकडे लक्षात ठेवा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. बाजारपेठेत ६५ आणि ५५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकार वर्षातले फार तर पंधरा दिवस ठरवून बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सूट वेळेची असते, आवाजाच्या पातळीची नव्हे. हे अनेक मंडळांना माहीत नसतं. दोन माणसांचं साधं बोलणं साठच्या आसपास जातं. आणि डेसिबलचा हिशेब आपल्या बेरजेसारखा नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दसपट होते. म्हणजे ५५ च्या जागी १०५ झाले तर ते दुप्पट नव्हे, एक लाख पट.

तक्रार करायची तर ११२ ला फोन करा. ठिकाण, वेळ, कशाचा आवाज एवढं सांगा. नाव सांगायची भीती वाटते ना? ती खरी आहे, त्याच गल्लीत राहायचं असतं. त्याच जानेवारी २०२५ च्या निकालात उच्च न्यायालयानं पोलिसांना सांगितलं आहे की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी आणि त्याचं नाव समोरच्याला कळू देऊ नये. फोन केल्याची वेळ वहीत लिहून ठेवा. खिडकीतून व्हिडिओ काढून ठेवा. एकट्यानं जायचं नसेल तर गल्लीतल्या दहा जणांच्या सह्यांचं पत्र उत्सवाच्या महिनाभर आधी मंडळालाच द्या. माझा अनुभव असा की महिनाभर आधी दिलेलं पत्र मंडळ ऐकतं, रंगात आलेल्या मिरवणुकीत सांगायला गेलेल्या माणसाला ढकलून देतं.

आणि मंडळांच्या पोरांना एक सांगतो. मकर संक्रांतीला सोलापूरच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात तेव्हा हजारो गळे 'हर्र बोला हर्र' म्हणतात. अंगावर काटा येतो. तो आवाज माणसांचा असतो, हलगीचा असतो. त्याच्यासाठी कुणाला रिक्षा करून लेकीकडे जावं लागत नाही. उलट लांब गेलेली माणसं त्या दिवशी परत येतात.

नाव घेऊन लिहिताना

अब्रुनुकसानीचं थोडक्यात सांगतो. हल्ली ज्याच्याकडे मोबाइल तो पत्रकार. नगरसेवकानं रस्त्यात पैसे खाल्ले असं व्हिडिओत म्हणणं सोपं आहे, कोर्टात सिद्ध करणं अवघड. न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. खरं बोललं की सुटका होते असा समज आहे, तो अर्धाच बरोबर. सत्य असावं लागतं आणि ते सांगण्यात लोकहितही असावं लागतं. दोन्ही सिद्ध करायची जबाबदारी तुमची.

म्हणून आधी कागद मिळवा. दहा रुपयांच्या फीचा माहिती अधिकाराचा अर्ज महापालिकेत द्या. रस्त्याचा कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची प्रत, दिलेलं बिल मागा. मग लिहा की 'बिलात इतकी जाडी दाखवली आहे, आम्ही खोदून पाहिली तेव्हा इतकी भरली'. 'चोर' हा शब्द लिहायची गरजच पडत नाही, आणि वाचणाऱ्याला समजायचं ते समजतं. एखाद्याचं खासगी आयुष्य, घरातल्या बाईचा फोटो, कुणाचं आजारपण यांना हात लावू नका. त्यात लोकहित नसतं.

चौकातल्या डिजिटल फलकांबद्दल मला फार बोलायचं नाही. परवानगीशिवाय सार्वजनिक जागेवर फलक लावणं हे १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे, तीन महिने कैद किंवा दोन हजार दंड किंवा दोन्ही. वाढदिवस तुमचा, चौक सगळ्यांचा.

समाज जेव्हा गळा धरतो

मर्यादा घालणारं सरकारच असतं असं नाही. भावकी, पंच, मंडळ यांनी घातलेल्या मर्यादांना तर घटनेचा आधारच नसतो. आंतरजातीय लग्न केलं, पंचांविरुद्ध बोललं, जातीच्या सभेत वेगळं मत मांडलं म्हणून कुणाला वाळीत टाकलं, मयताला कुणी जायचं नाही असं ठरवलं, दंड मागितला तर महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा हा कायदा २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. पंचांची बैठक कधी झाली, कोण होतं, काय ठरलं हे लिहून ठेवा आणि तक्रार द्या. वाळीत टाकलेल्या घरच्या बाईला पाण्यावरून, किराणा दुकानावरून रोज जो अपमान सोसावा लागतो तो मी जवळून पाहिला आहे. त्या बाईला कायदा माहीत नव्हता. पंचांना माहीत होता, आणि म्हणून त्यांनी काहीही लेखी दिलं नव्हतं.

नोटीस आलीच तर

सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत पोलीस थेट अटक न करता आधी हजर राहण्याची नोटीस देतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मधली ही नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे. पळू नका, नोटिशीतल्या तारखेला जा. न गेलात तर तेच अटकेचं कारण होतं. मोबाइल फोडू नका, सिमकार्ड फेकू नका. पुरावा नष्ट केल्याचा दुसरा गुन्हा मागे लागतो. स्टेटस वकिलाला विचारूनच काढा, आणि काय लावलं होतं ते त्याला खरं सांगा. मोबाइल जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा. फिर्यादीची प्रत मागा. अटक झालीच तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. गुन्हाच खोटा किंवा निराधार असेल तर तो रद्द करायला उच्च न्यायालयात जाता येतं, आणि त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याला जोडला आहे.

वकिलाच्या फीचं काय, हे त्या माउलीनं विचारलं. हजार विड्या वळल्याशिवाय दिवसाचा हिशेब लागत नाही अशा घरातून तो प्रश्न येणारच. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, कारखान्यातले कामगार, अपंग, कोठडीत असलेले आणि ज्यांचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत आहे त्यांना वकील फुकट मिळतो. मी दोघा मायलेकांना तिथे नेऊन बसवलं. पोरानं नोटिशीच्या तारखेला जाऊन जबाब दिला, चूक कबूल केली, ते चित्र कुणाकडून आलं तेही सांगितलं. खटला पुढे चालेल. मोबाइल अजून पोलिसांकडेच आहे.

निघताना त्या माउलीनं विडीचं पासबुक काढलं आणि मागच्या कोऱ्या पानावर मला विधी सेवेचा क्रमांक लिहून द्यायला सांगितलं. गल्लीत अजून अशी पोरं आहेत, म्हणाली. तुम्हीही लिहून ठेवा, १५१००. फोनला पैसे पडत नाहीत.